लिलावातली दोन सोन्याची घड्याळं: चकचकीत घ्यावं की मळकट?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लिलावात १९५० च्या दशकातली दोन मनगटी घड्याळं आलीत, कंपनी एकच, मॉडेल एकच, दोन्ही १८ कॅरेट सोन्याची. पहिलं अगदी नव्यासारखं चमकतंय आणि त्याचं एस्टिमेट, म्हणजे लिलाववाल्यांनी धरलेली अंदाजे किंमत, जास्त आहे. दुसऱ्याची काच पिवळट झालीय, केसवर म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या खोळीवर ओरखडे आहेत, "चालू स्थितीत नाही" असं लिहिलंय आणि एस्टिमेट बरंच कमी. विचारणारे पहिल्यांदाच बोली लावणार आहेत, आणि सोन्याचा भाव चढाच आहे तेव्हा पैसे बुडायची भीती नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. तर कुठलं घ्यावं आणि कुठपर्यंत जावं?

मी तरी दुसरं घेईन. म्हणजे डोळे झाकून नाही, आधी दोन-चार गोष्टी विचारून घेईन, पण माझा कल पक्का तिकडेच आहे. का ते जरा सविस्तर सांगते कारण नुसतं "हे घ्या" म्हणून उपयोग नाही, पुढच्या लिलावात दुसरी दोन घड्याळं असतील आणि तेव्हा तुम्हालाच बघायचंय.

सोनं मऊ असतं हे सगळ्यांना माहीत असतं पण घड्याळाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो याचा कुणी फारसा विचार करत नाही. १८ कॅरेट म्हणजे हजारात ७५० भाग सोनं, बाकीचं तांबं आणि चांदी वगैरे. स्टीलच्या मानाने हे खूपच लवकर झिजतं. आता सत्तर वर्षांचं घड्याळ धरा, त्यात त्याचं सात-आठ वेळा तरी सर्व्हिसिंग झालं असणार, आणि बहुतेक कारागिरांची सवय अशी की मशीन साफ केलं की केसही बफवर म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरून चकाचक करून द्यायची म्हणजे गिऱ्हाईक खूष. दर वेळी थोडं थोडं सोनं निघून जातं. एका वेळेला कळत नाही, सात वेळांनी घड्याळाचा चेहराच बदलतो. गेलेलं सोनं परत येत नाही, आता लेझरने भर घालून कडा परत उभ्या करणारे लोक आहेत आणि त्यातले काही फार चांगलं काम करतात, पण ती भर आहे हे जाणकाराला कळतं आणि ते लिहिलेलं नसेल तर ती फसवणूकच.

बघायचं कुठे तर लगकडे, म्हणजे पट्टा अडकतो ते चार पाय. लगचा वरचा भाग आणि कडेचा भाग जिथे मिळतो तिथे मूळ केसमध्ये एक स्पष्ट रेघ असते, जाड कागदाला नखाने घडी घातल्यावर येते तशी. काही मॉडेलमध्ये तिथे एक बारीक तिरपी पट्टी कापलेली असते आणि ती लगच्या टोकापर्यंत एकसारख्या रुंदीने जाते. घासलेल्या केसमध्ये ती पट्टी मधेच विरून जाते, कडा गोल होतात आणि लग वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते. मग चारही लग एकमेकांशी ताडून बघा. बफवर हात सगळीकडे सारखा बसत नाही त्यामुळे एक लग बारीक आणि एक जाड असं बऱ्याचदा सापडतं. काही केसमध्ये पट्ट्याच्या पिनची भोकं बाहेरून आरपार असतात, तिथे भोक लगच्या कडेला फार चिकटून आहे असं वाटलं तर कड आत सरकलीय, भोक आपल्या जागी आहे.

दुसरी जागा म्हणजे हॉलमार्क. हा विषय माझा फार आवडीचा आहे.

स्वित्झर्लंडमध्ये सरकारी छाप मारायची पद्धत १८८० च्या कायद्यापासूनची. जुन्या १८ कॅरेटच्या केसवर हेल्वेशिया म्हणजे एका बाईच्या डोक्याची आकृती असते, १४ कॅरेटवर खार असते, आणि १ ऑगस्ट १९९५ पासून या सगळ्यांच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. फ्रान्समध्ये बनलेल्या १८ कॅरेटच्या केसवर गरुडाचं डोकं दिसतं. आता समजा १९५५ चं म्हणून घड्याळ विकताहेत आणि केसवर कुत्र्याचं डोकं आहे, तर लगेच खोटं आहे असं म्हणू नका पण हा छाप ९५ नंतर कधी आणि का मारला ते विचारायलाच हवं, केस नंतर बनवलेली असू शकते. छापाशिवाय केस बनवणाऱ्याची खूणही असते, जिनिव्हाच्या केसमेकरची असेल तर एक छोटी किल्ली आणि तिच्या आत नंबर, बाकी काही भागांतल्यांची असेल तर हातोडीचं डोकं आणि नंबर. त्या नंबरावरून केस कुठल्या कारखान्यातली हे समजतं, आणि अमुक मॉडेलच्या केस अमुक माणूस बनवायचा हे ठाऊक असलं की निम्मी तपासणी तिथेच होते.

हे छाप झाकणाच्या आत असतातच, पण बऱ्याच चांगल्या घड्याळांत लगच्या खाली किंवा केसच्या कडेवरही असतात. हे बाहेरचे छाप म्हणजे घड्याळाचा साक्षीदार समजा. हेल्वेशियाचे नाक-डोळे भिंगातून ओळखता येत असतील तर त्या जागेवरून सोनं गेलेलं नाही. नुसता अंड्यासारखा डाग उरला असेल तर किती गेलंय ते तुम्हीच समजा. एकदा प्रिव्ह्यूला, म्हणजे लिलावाआधी वस्तू बघायला ठेवतात तेव्हा, मी एकाच मॉडेलची दोन घड्याळं शेजारी ठेवून बघितली होती. एकाच्या लगखाली तो चेहरा इतका ताजा होता की डोक्यावरच्या केसांची वळणं दिसत होती, आणि दुसऱ्यावर त्याच जागी बोट फिरवलं तर नुसतं गुळगुळीत. वरून बघाल तर दुसरंच जास्त देखणं. दोघांच्या हॅमर प्राइसमध्ये, म्हणजे हातोडा पडला त्या बोलीत, दुपटीपेक्षा जास्त फरक पडला आणि तो योग्यच होता.

एक अपवाद सांगून ठेवते नाहीतर उगाच चांगली घड्याळं सोडून द्याल. त्या काळात अमेरिकेत ड्यूटी वाचवायला नुसतं स्विस मशीन मागवायचे आणि केस तिथेच बनवायचे, बहुतेक १४ कॅरेटची. ओमेगा, लाँजीन, लकूल्त्र अशा बऱ्याच जणांची अशी घड्याळं आहेत. त्यावर खार नसते, हेल्वेशिया नसते, तरी ती अस्सल असतात.

आणि सोन्याचं दिसतं ते भरीव सोन्याचंच असतं असं नाही हेही बघा. "२० मायक्रॉन" लिहिलं असेल तर मुलामा आहे. "गोल्ड फिल्ड" म्हणजे स्वस्त धातूवर सोन्याचा पातळ पत्रा. स्टीलच्या केसवर सोन्याची जाडशी टोपी चढवलेलीही घड्याळं असतात, त्यांचं मागचं झाकण बहुधा स्टीलचं असतं. यात वाईट काही नाही, फक्त भाव त्या हिशोबाने हवा.

आता तुमच्या दुसऱ्या घड्याळाबद्दल मला विशेष काय आवडलं ते सांगते. लगच्या आतल्या बाजूला फोटोत एक तांबूस-तपकिरी छटा दिसतेय. कॅटलॉगमध्ये त्याला डाग म्हटलंय. खरं तर सोन्यातलं तांबं आणि चांदी वर्षानुवर्षं हवा लागून असं काळवंडतं, तिजोरीत पडून राहिलेल्या घड्याळांवर तर कधी कधी मोराच्या पिसासारखे रंग चढतात. बफचा एक हात फिरला की हे सगळं जातं. म्हणजे ते अजून तिथे असेल तर गेल्या बऱ्याच वर्षांत कुणी पॉलिश केलेलं नाही. हल्ली रसायन लावून असे रंग मुद्दाम आणणारेही आहेत, त्यामुळे रंग सगळीकडे एकसारखा असेल, म्हणजे जिथे मनगट आणि बाही घासते तिथेही तेवढाच असेल, तर शंका घ्या. तुमच्या फोटोत तो फक्त खाचेत आहे, तेच बरोबर.

पिवळट काचेला तर अजिबात घाबरू नका. त्या काळातली काच बहुतेक वेळा काच नसतेच, अ‍ॅक्रिलिक असतं. ओरखडे पेस्ट लावून पंधरा-वीस मिनिटांत निघतात, नाहीतर काच बदलायची, फार खर्च नाही. माझ्याकडचं सगळ्यात लाडकं घड्याळ असंच आलं. काच इतकी धुरकट होती की डायलवरचं नाव वाचता येत नव्हतं, कंडिशन रिपोर्टमध्ये "डायल नीट पाहता आली नाही" असं प्रामाणिकपणे लिहिलेलं, त्यामुळे सगळ्यांनी हात आखडता घेतला. मी प्रिव्ह्यूला जाऊन ते तिरकं धरून दिव्याखाली दहा मिनिटं बघत बसले होते आणि एका कोपऱ्यातून मला नावाची अर्धी ओळ दिसली होती, ती उठावदार होती. तेवढ्यावर घेतलं. काच काढल्यावर खालची डायल सायीसारखी निघाली, एक डाग नाही.

ती उठावदार ओळ म्हणजे काय हे सांगायलाच हवं कारण डायल हा किमतीचा सगळ्यात मोठा भाग आहे, केसपेक्षाही. पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या नामवंत कंपनीच्या त्या काळच्या चांगल्या डायलवर नाव नुसतं छापलेलं नसायचं. आधी धातूत अक्षरं कोरायची, त्यात काळं इनॅमल म्हणजे काचेची रंगीत पूड भरायची, भट्टीत भाजायचं आणि मग पृष्ठभाग सपाट करायचा. भिंगातून बघितलं तर अक्षर डायलच्या जरासं वर आलेलं दिसतं, काळं आणि भरीव. अशी डायल हलक्या हाताने साफ केली तर नाव जात नाही, पण कुणी जोर लावला की अक्षरं आधी चपटी होतात मग बारीक होतात. जिनिव्हाचं नाव फ्रेंचमध्ये लिहिताना एका अक्षरावर छोटी तिरकी रेघ असते, ती सगळ्यात आधी गायब होते. मी कुठल्याही डायलवर पहिली नजर त्या रेघेवर टाकते. ती जागेवर असेल, टोकदार असेल, तर पुढे बघायचं.

नुसत्या छापलेल्या डायलचं मात्र वेगळं. त्या पुसल्या गेल्या की लोक परत रंगवून घ्यायचे आणि त्यात त्या काळी कुणाला काही गैर वाटत नव्हतं, घर रंगवतो तसं. रिपेंट ओळखायचं तर अक्षरांच्या कडा बघा, शाई पसरल्यासारखी दिसते का, मिनिटांच्या रेघा समान अंतरावर आहेत का, सहाच्या खालचं "स्विस" डायलच्या काठाला कापलं गेलंय का, आणि सेकंदाच्या छोट्या वर्तुळातल्या खाचा रंगाने बुजल्यात का. काळ विसंगत असलेल्या खुणा तर फुकटचा पुरावा असतात. "स्विस"च्या दोन्ही बाजूंना ग्रीक सिग्मा (σ) असेल तर डायलवरचे आकडे-खुणा सोन्याच्या आहेत असा त्याचा अर्थ, पण ही पद्धत १९७० च्या दशकातली. तसंच "टी स्विस टी" लिहिलेलं असेल तर काट्या-खुणांना अंधारात चमकवणारं ट्रिटियम आहे आणि ते साठच्या दशकापासून पुढे. १९५२ च्या घड्याळावर यातलं काही दिसलं तर डायल नंतर बदललेली आहे. कंपनीनेच सर्व्हिसला बदलून दिलेली असू शकते, म्हणजे खोटी नाही, पण मूळही नाही आणि किंमत त्याप्रमाणे उतरते.

पन्नासच्या दशकातल्या चमकणाऱ्या काट्यांत रेडियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असतो हे जाता जाता. काचेच्या आत आहे तोवर घालायला हरकत नाही असं बहुतेक जाणकार म्हणतात, पण झाकण उघडून ते खरवडणं, फुंकर मारणं असलं काही घरी करू नका, ती पूड श्वासात जाणं वाईट.

आता माझी फसगत सांगते. सुरुवातीच्या काळात मी एका छोट्या लिलावात गुलाबी सोन्याचा क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, घेतला. ऑनलाइन बोली, फोटो फक्त समोरून, आणि समोरून तो इतका सुंदर होता की मी एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी एक जण माझ्याविरुद्ध बोली लावत राहिला आणि मी ईरेला पेटले. घड्याळ आलं, हातात घेतल्या घेतल्या लग बोथट लागल्या, तरी मी मनाची समजूत घातली. दोन महिन्यांनी सर्व्हिसला दिलं तेव्हा कारागिराने मला बोलावून घेतलं आणि डायल उचलून दाखवली. डायलच्या मागे दोन पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. इथे पाय कापून टाकलेले होते आणि डायल डिंकाच्या ठिपक्यांवर चिकटवलेली होती. म्हणजे मशीन एका घड्याळाचं, डायल दुसऱ्याची, केस कदाचित तिसरीच. मी लिलाववाल्यांना लिहिलं, त्यांनी अटींमधलं "आहे त्या स्थितीत विक्री" हे कलम दाखवलं आणि विषय संपवला. कायद्याने त्यांचं बरोबर असेलही. मला राग त्या कलमाचा नाही आला, झाकण उघडून मशीनचा एक फोटो टाकायला पाच मिनिटं लागतात आणि ती त्यांनी दिली नाहीत याचा आला, आणि मी मागितला नाही याचा जास्त.

अशी जोडलेली घड्याळं सोन्यातच जास्त का सापडतात याला कारण आहे. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेलं. त्याच सुमाराला बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांमुळे चावीच्या घड्याळांना कुणी विचारत नव्हतं. मग लोकांनी केस मोडीत काढून वितळवल्या आणि मशीन नुसती डब्यात टाकून ठेवली. ती अनाथ मशीन पुढे वाटेल त्या केसमध्ये बसवली गेली. सोन्याचा भाव चढला की हे परत सुरू होतं, आत्ताही होतंय, चांगल्या घड्याळांचे सोन्याचे पट्टे आणि साध्या मॉडेलच्या केस वितळायला जाताहेत आणि मला ते बघवत नाही. एका माणसाने हाताने घडवलेली केस असते ती.

म्हणून "सोन्याचा भाव चढतोय म्हणजे पैसे सुरक्षित" हे जे तुम्हाला सांगितलंय ते फार तपासून घ्या. कॅटलॉगमधलं वजन हे बहुतेक वेळा एकूण वजन असतं, त्यात मशीन, काच, डायल, कधी पट्टासुद्धा आला. ३५ मिलिमीटरच्या पातळ ड्रेस वॉचमध्ये चामड्याच्या पट्ट्यासकट ४० ग्रॅम लिहिलं असेल तर त्यातली केस पंधरा-वीस ग्रॅमची निघते, आणि तीही ७५० ची. चांगल्या नावाच्या घड्याळाला तुम्ही त्याच्या कितीतरी पट मोजणार आहात. म्हणजे खाली जाळी आहे हे खरं पण ती फार खाली आहे. सोन्याचा जड पट्टा असलेल्या रोलेक्स डे-डेटसारख्या घड्याळात सोन्याचा वाटा मोठा असतो, तिथे हा हिशोब थोडा तरी लागू पडतो.

आणि गंमत अशी की या क्षेत्रातले मोठे भाव सोन्याने ठरतच नाहीत. पाटेकचं १५१८ हे मॉडेल, १९४१ ला आलेलं, क्रोनोग्राफ आणि पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष आपोआप सांभाळणारं) एकत्र. एकूण २८१ च्या आसपास बनली, जवळजवळ सगळी सोन्याची, आणि स्टीलची माहीत असलेली फक्त चार. त्यातलं एक नोव्हेंबर २०१६ मध्ये जिनिव्हाला फिलिप्स या लिलाव कंपनीच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं, सोन्याच्यांपेक्षा कितीतरी जास्त. सोन्याचं उदाहरण हवं तर व्हिएतनामचे शेवटचे सम्राट बाओ दाई यांचं रोलेक्स ६०६२ घ्या, पिवळं सोनं, काळी डायल, त्यावर हिऱ्यांच्या खुणा, मे २०१७ मध्ये ५० लाख ६६ हजार फ्रँक. केसमधलं सोनं त्या आकड्यात दिसणारसुद्धा नाही. पैसे गेले ते त्या डायलचे, कोणाचं होतं त्याचे आणि ते जसंच्या तसं टिकलं त्याचे.

कागदपत्रांबद्दल. पाटेक, व्हाशराँ अशा काही कंपन्या जुन्या नोंदवहीतला उतारा देतात, त्यात मशीन नंबर, केस नंबर, कुठल्या साली बनलं, कधी विकलं, केसचा धातू, कधी कधी डायल कशी होती तेही असतं. रोलेक्स असा उतारा देत नाही. उतारा असेल तर दोन्ही नंबर स्वतः जुळवून बघा, नुसता कागद आहे म्हणून खूष होऊ नका. उतारा सांगतो की अशा नंबरचं घड्याळ कारखान्यातून बाहेर पडलं होतं, समोर आहे ते आजही तसंच आहे असं तो सांगत नाही. २०२१ मध्ये एक ओमेगा स्पीडमास्टर जिनिव्हात ३१ लाख फ्रँकच्या वर गेलं, स्टीलचंच होतं पण धडा सगळ्यांना आहे, आणि २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या भागांतून जुळवलेलं होतं आणि त्यात कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. एवढ्या मोठ्या पातळीवर हे होऊ शकतं तर आपण भिंग खाली ठेवून चालणार नाही.

आता बोली. सगळ्यात आधी हे समजून घ्या की हातोडा पडतो तो आकडा तुमचा खर्च नाही. त्यावर बायर्स प्रीमियम म्हणजे घेणाऱ्याकडून लिलाववाले घेतात ते कमिशन लागतं, मोठ्या लिलावांत साधारण पाव हिस्सा, कधी थोडा जास्तच. त्यावर कर, मग विमा, पाठवणी, दुसऱ्या देशातून येत असेल तर कस्टम्स. पहिल्यांदा घेणाऱ्याला इथे नाकापेक्षा मोती जड होतो. म्हणून उलटा हिशोब करायचा. समजा तुमच्याकडे एकूण १०,००० आहेत, चलन कुठलंही धरा. १,००० सर्व्हिसिंगला बाजूला काढा, चालत नसलेल्या घड्याळाला ते लागणारच. उरले ९,०००. प्रीमियम २६ टक्के आणि बाकीचं मिळून आणखी १० टक्के धरलं तर ९,००० भागिले १.३६ म्हणजे साधारण ६,६००. बोली ५०० च्या टप्प्याने चढत असेल तर तुमची शेवटची बोली ६,५००. हा आकडा कागदावर लिहा आणि समोर ठेवा. त्या दिवशी खोलीत किंवा स्क्रीनवर डोकं वेगळं चालतं, माझं आजही चालतं, म्हणून मी बऱ्याचदा आधीच लेखी बोली देऊन ठेवते आणि लिलाव बघतच नाही.

एस्टिमेटचा अर्थही नीट घ्या. खालचा आकडा मुद्दाम आकर्षक ठेवलेला असतो, लोक जमावेत म्हणून. विकणाऱ्याचा रिझर्व्ह, म्हणजे ज्याच्या खाली तो विकणार नाही तो आकडा, गुप्त असतो पण तो सहसा खालच्या एस्टिमेटच्या वर नसतो, आणि रिझर्व्ह येईपर्यंत पुकारणारा स्वतःच विक्रेत्याच्या वतीने बोली चढवू शकतो, हे अटींमध्ये लिहिलेलं असतं. म्हणजे सुरुवातीला समोर कुणीतरी आहे असं वाटतं तेव्हा खरंच कुणी असेलच असं नाही. लॉट म्हणजे लिलावातली ती वस्तू न विकता राहिली तर दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायला लाजू नका, मला दोन चांगली घड्याळं अशी मिळालीत.

कुठल्या घड्याळापासून सुरुवात करावी असंही विचारलंय. पाटेकचं कॅलाट्राव्हा ९६, १९३२ ला आलं, ३१ मिलिमीटरच्या आतबाहेर, आजच्या डोळ्याला लहान वाटेल पण सोन्याची केस कशी असावी हे शिकायचं तर यासारखं दुसरं नाही. २५२६ हे १९५३ चं, पाटेकचं पहिलं ऑटोमॅटिक, म्हणजे हात हलला की आपोआप चावी बसणारं, आत ती चावी देणारा सोन्याचा फिरता रोटर आणि वर इनॅमलची डायल, फार सुंदर, पण इनॅमलला धाग्यासारखी बारीक चीर गेलीय का ते खुणांच्या आजूबाजूला भिंगाने बघितल्याशिवाय हात लावू नका. बजेट कमी असेल तर ओमेगा कॉन्स्टेलेशन, १९५२ पासूनचं, उतरत्या कडेच्या डायलचं, भरीव सोन्याचं. मशीन उत्तम, भाग मिळतात, आणि चूक झाली तर ती परवडणारी असते.

घेतल्यावर पहिलं काम सर्व्हिसिंग, आणि देताना चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या: केस पॉलिश करायची नाही, डायल साफ करायची नाही, काढलेला प्रत्येक भाग परत द्यायचा. तोंडी सांगू नका. तिथे चार हात असतात आणि सांगितलेलं शेवटच्या हातापर्यंत पोचत नाही. झाकणाच्या आत जुन्या कारागिरांनी सुईने ओरखडून लिहिलेल्या बारीक तारखा आणि सह्या असतील, त्याही पुसू देऊ नका, माझ्या एका घड्याळात १९६१ पासूनच्या पाच आहेत. पाण्यापासून लांब ठेवा, दाबून बसवलेल्या झाकणाच्या सोन्याच्या केसमध्ये घामही शिरतो. मगरीच्या कातड्याचा पट्टा असेल तर परदेशातून पाठवताना तो काढून ठेवतात, वन्यजीव व्यापाराच्या नियमांमुळे, तेव्हा नुसतं घड्याळ आलं म्हणून घाबरू नका, पण पट्ट्याचं सोन्याचं बकल मूळचं असेल तर ते सोडवून बरोबर पाठवा असं आधीच कळवा. बकल नुसतं म्हणूनही बऱ्यापैकी किमतीला जातं आणि हमखास विसरलं जातं.

तर तुमच्या दुसऱ्या लॉटसाठी मी हे विचारेन: झाकण उघडून मशीनचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो, दोन्ही नंबर वाचता येतील असा. चारही लगचे कडेने आणि खालून फोटो, प्रकाश तिरका टाकून. डायलवरच्या नावाचा जवळून फोटो. आणि "चालत नाही" म्हणजे नक्की काय, चावी देताना फिरतच नाही, की चावी बसते पण ठोका सुरू होत नाही. दुसरं असेल तर बऱ्याचदा नुसतं तेल सुकलेलं असतं. पहिल्या लॉटसाठीही हेच फोटो मागवा, कदाचित मीच चुकत असेन आणि ते खरंच न घासलेलं असेल. आजच मेल टाका, लिलावाच्या आदल्या दोन दिवसांत त्यांच्याकडे इतकी गर्दी असते की उत्तर येत नाही, आणि उत्तर आलं नाही तर त्या लॉटवर बोली लावू नका.